भाऊबीजेनंतर सह्याद्रीत तीन दिवस : सोलापूरहून जाताना मुक्काम कुठे टाकावा?

माळरान_सोलापूर
नमस्कार मंडळी. भाऊबीज उरकली की गुरुवारी रात्री निघायचं आणि रविवारी रात्री उशिरापर्यंत सोलापुरात परतायचं, असा बेत आहे. आम्ही आठ जण, एक क्रूझर आणि तिचा ड्रायव्हर. दोघं पंचावन्नच्या पुढचे, रोज चालणारे आहेत पण गुडघे जपून. दोन कॉलेजची मुलं आहेत. एका ताईंना उंचीची भीती वाटते. रोज बोचकी बांधून मुक्काम हलवायचा नाही, एकाच ठिकाणी सामान टाकून तिथून शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन डोंगर करायचे. डोक्यात चार जागा आहेत : भंडारदरा, जुन्नर, वेल्हे आणि वाई. मंडळातले बहुतेक जण कळसूबाईसाठी अडून बसलेत. जाणकारांनी सांगा की ओ.

कातळटप्पा
आधी कळसूबाई धरून मग मुक्काम शोधला की फसगत होते. तास मोजा.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे साधारण पावणेसातला सूर्य उगवतो आणि सहाला मावळतो. हातात सव्वाअकरा तास. मिश्र गटाचा चढाईचा वेग तासाला ३०० मीटर उंची एवढाच धरा, त्यात दम खाणं आणि फोटो आले. उतरताना तरुण मुलं निम्म्या वेळात येतात, पण गुडघेवाल्यांना चढाईच्या तीन चतुर्थांश वेळ लागतो. बारी गावातून कळसूबाईचा माथा (१६४६ मीटर) गाठायला साधारण ९०० मीटर चढायचे आहेत. म्हणजे वर जायला तीन ते साडेतीन तास, माथ्यावर पाऊण तास, खाली यायला अडीच-पावणेतीन. एकूण सात. हे जमतं. पण मुक्कामापासून पायथ्यापर्यंत गाडीला दीड तास लागत असेल तर जाऊन-येऊन तीन तास गेले आणि शेवटचा उतार अंधारात आला. सह्याद्रीत वाट चुकते ती बहुतेक वेळा उतरताना, तिन्हीसांजेला, पायथ्याच्या शेताडीत, जिथे ढोरवाटांचं जाळं असतं.

म्हणून कसोटी एकच : तिन्ही डोंगरांचे पायथे मुक्कामाच्या दारापासून गाडीने तासाभराच्या आत हवेत. हे जिथे जमतं ती जागा चांगली, खिडकीतून धरण दिसो वा न दिसो.

घाटमाथा
कातळटप्पा यांच्याशी सहमत. त्या कसोटीवर तुमच्यासाठी वाई.

पांडवगड : मेणवली-धावडीच्या बाजूने चढाई. वाईतून पायथा अगदी जवळ. चढ सुमारे दोन तासांचा, वर पाण्याची टाकी आहेत. उंचीची भीती असणाऱ्याला छातीत धस्स व्हावं अशी जागा जवळपास नाही.

कमळगड : धोम धरणाच्या पाण्याच्या कडेने नांदगणे गावापर्यंत पाऊण-एक तास गाडी, मग दोन ते अडीच तास चढ. यातला मोठा भाग दाट झाडीतून आहे. ऑक्टोबर हीटची शिल्लक नोव्हेंबरमध्येही दुपारी जाणवते, तेव्हा या सावलीची किंमत कळते. वर कावेची (गेरूची) विहीर आहे. जमिनीतल्या भेगेत खाली उतरणाऱ्या पायऱ्या ओल्या आणि तांबड्या मातीने निसरड्या असतात, एका वेळी दोघांनीच उतरावं.

केंजळगड आणि रायरेश्वर : खावलीच्या बाजूने वर. दोन्हींच्या मधल्या खिंडीकडे गाडीरस्ता जातो, पण पावसाने तो कुठे खचलाय का हे आदल्या दिवशी गावात विचारूनच क्रूझर घाला. केंजळगडाला वरच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, रायरेश्वरला लोखंडी शिडी. दोन्ही माथे एका दिवसात होतात, ताईंनी वाटलं तर एकच करावा.

शिवाय वैराटगड हाताशी राखीव आहेच. वाईत एसटी स्टँड, बँका, औषधाची दुकानं आणि ग्रामीण रुग्णालय आहे. डोंगरातल्या मुक्कामाला हे शेवटचं कलम लोक विचारात घेत नाहीत.

नकाशावाली
वाईबद्दल दुमत नाही, पण भंडारदऱ्याला नुसतं 'लांब' म्हणून निकालात काढू नका. नेमकं कुठे अडतं ते बघू.

लोक 'भंडारदरा' म्हणतात तेव्हा शेंडी गाव म्हणत असतात. शेंडीतून बारी जवळ आहे, कळसूबाई आरामात होतो. रतनवाडी तलावाला वळसा घालून, तिथे अमृतेश्वराचं देऊळ आणि वर रतनगड. हरिश्चंद्रगडासाठी पाचनई गाठायचं तर शेंडीतून राजूरला परत येऊन पुढे जावं लागतं. तिथे तासाभराची अट मोडते. साम्रदची सांदण दरी या दिवसांत पाण्याने अडलेली असते. डबक्यांत कमरेएवढं गार पाणी असतं आणि शेवाळलेले दगड पाऊल ठरू देत नाहीत. म्हणजे तीन दिवसांसाठी शेंडीतून खरे डोंगर दोनच, कळसूबाई आणि रतनगड. दोन्हींना शिड्या.

शिड्यांतही फरक आहे. कळसूबाईच्या शिड्यांना कठडे आहेत आणि त्या तुकड्यातुकड्यांत आहेत. रतनगडाच्या शिड्या उभ्या आणि एकामागोमाग एक, खाली दरी उघडी दिसते. उंचीच्या भीतीचं माणूस चढून जातं आणि उतरताना पहिल्या पायरीवर थिजतं. मागे माणसांची रांग, पुढे पाय उचलत नाही. अशा वेळी उतरताना तोंड शिडीकडे करून, खाली एक आणि वर एक अनुभवी माणूस ठेवून एकेक पाय टेकवत यायचं. पण मुळात तिथे नेऊ नये हे बरं.

आणि सोलापूरहून तिकडे करमाळा-नगर-संगमनेर-अकोले-राजूर असा रस्ता आहे. क्रूझरने नऊ-दहा तास धरा. येण्याजाण्यात वीस तास गेले तर तीन दिवसांचा बेत दोन दिवसांचा होतो. चार पूर्ण दिवस असतील तर भंडारदरा, नाहीतर नको.

रुळावरून
गाडीचा हट्ट सोडलात तर कळसूबाई वेगळ्या वाटेने बसतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सोलापुरातून निघते, पहाटे कल्याणला उतरायचं. कल्याणहून कसारा लोकल, कसाऱ्याहून जीप किंवा एसटीने इगतपुरी-घोटी, तिथून बारी. झोप गाडीत होते आणि सकाळी दहाच्या आत पायथ्याशी. पण मग मुक्काम बारीतच करावा, शेंडीत नाही, कारण हाताशी वाहन नसतं. आरक्षण दिवाळीच्या आठवड्यात ऐनवेळी मिळत नाही. वेटिंगवर आठ जणांनी भरवसा ठेवू नये, अर्धे कन्फर्म आणि अर्धे लटकलेले अशी अवस्था होते.

किल्लेदार_नाही
जुन्नरचं कुणी नावच काढेना. एकाच तालुक्यात शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन आणि नाणेघाट. सातवाहनांचा लेख, दगडी रांजण, चावंडवरची सप्तमातृकांची टाकी. चालणं कमी आणि बघणं जास्त हवं असेल तर महाराष्ट्रात याला तोड नाही. चढ लहान आहेत, गुडघ्यांना बरे.

नकाशावाली
जुन्नर मलाही आवडतं, पण ताईंचा मुद्दा तिथेही आहे. चावंडच्या वरच्या टप्प्यातल्या पायऱ्या अरुंद आहेत, रेलिंग असलं तरी बाजू उघडी. जीवधनच्या घाटघरकडच्या वाटेवर पायऱ्या उद्ध्वस्त आहेत, १८१८ नंतर इंग्रजांनी किल्ल्यांच्या वाटा तोडल्या त्यातली ही एक. त्या कातळटप्प्यावर नवख्यांना दोर लागतो. हडसरला खुंटीची वाट सोडून राजदरवाज्याने गेलं तर सोपं. म्हणजे शिवनेरी, हडसर आणि नाणेघाट असा सौम्य कार्यक्रम होईल. कॉलेजची मुलं कुरकुरतील.

कातळटप्पा
वेल्ह्याचं थोडक्यात. फलटण-लोणंद-शिरवळ-नसरापूर करून वेल्हे गाठता येतं, पुण्यात शिरावं लागत नाही. तोरणा (१४०३ मीटर) वेल्ह्यातूनच, राजगड गुंजवण्यातून किंवा पाली दरवाज्याच्या पायऱ्यांनी. दोन्ही गड उत्तम, पण दोन्ही मोठे आणि तिसऱ्या दिवसासाठी हलका डोंगर जवळ नाही. राजगडावर रात्री राहायला मिळेल असं गृहीत धरून जाऊ नका, मुक्काम पायथ्याच्या गावातच धरा. तोरणा ते राजगड धारेवरून चालत जाण्याचा मोह मुलांना होईल. बुधला माचीवरून उतरून पूर्ण धार उघड्या उन्हात, सहा ते आठ तास, वाटेत पाण्याची खात्री नाही. तुमच्या गटाला नको.

शेंगाचटणी
कास पठार वाटेवरच आहे ना? आणि वासोटा?

घाटमाथा
कासची फुलं सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीची. भाऊबीजेनंतर तिथे वाळकं गवत आणि गाड्यांची रांग. वासोटा मात्र याच दिवसांत सुरू होतो, पावसाळ्यात बंद असतो. पण तो वाईत राहून होत नाही. त्याला बामणोलीत किंवा तापोळ्याच्या बाजूला मुक्काम लागतो. बामणोलीतून लाँचने दीड तास, वनखात्याची परवानगी, प्रत्येकाचं ओळखपत्र, प्लॅस्टिकची मोजणी आणि संध्याकाळच्या आत परत फिरण्याची सक्ती, गडावर राहता येत नाही. सकाळी आठच्या आत पहिली लाँच धरली नाही तर घाई होते. म्हणजे आख्खा एक दिवस त्याचाच. वेगळ्या सहलीला ठेवा.

माळरान_सोलापूर
वाई पक्कं होतंय असं दिसतं. असा आराखडा केलाय : गुरुवारी रात्री दहाला निघणार, पहाटे चारला वाई. शुक्रवारी कमळगड, शनिवारी केंजळगड-रायरेश्वर, रविवारी पांडवगड करून दुपारी परत. मुक्काम पाचगणी रस्त्यावर एका लॉजवर मिळतोय. काही चुकतंय का?

घाटमाथा
तीन गोष्टी चुकतायत, त्यातली पहिली जास्त गंभीर.

रात्री दहाला निघू नका. गळीत हंगाम सुरू झालेला असतो. मोहोळ, पंढरपूर, माळशिरस पट्ट्यात रात्रभर उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबणारा आणि मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यांवर आला की ट्रॉली दिसतच नाही. गुरुवारी अर्धी रजा टाका, दुपारी दोनला निघा. साडेपाच-सहा तासांचा रस्ता आहे, आठपर्यंत वाईत. एक रात्र मुक्कामाची वाढेल, पण शुक्रवारी आठही जण झोपलेले असतील आणि ड्रायव्हरही.

दुसरी गोष्ट, क्रम. पहिल्या दिवशी पांडवगड करा. प्रवासाने आखडलेले पाय मोकळे होतात, कोणाचा बूट चावतो, कोणाला दम लागतो ते कळतं. काही बिघडलंच तर वाई जवळ. कमळगड शनिवारी. रविवारी केंजळगड एकटाच, रायरेश्वर सोडून द्या, आणि दुपारी एकला गाडी सुरू.

तिसरी, मुक्काम. पाचगणी रस्त्यावर अजिबात नको. त्या आठवड्यात पसरणीचा घाट महाबळेश्वरच्या गाड्यांनी तुंबतो आणि वाईतले लॉजही तिथल्या उरलेल्या गर्दीने भरतात, दरही चढतात. मेणवली किंवा धोमच्या अंगाला गावातलं घर बघा. पांडवगडही तिकडे, नांदगणेही तिकडे.

नकाशावाली
क्रमाबद्दल आणखी एक. नावाजलेला गड शुक्रवारी आणि कमी ओळखीचा शनिवार-रविवारी, हा नियम सगळीकडे चालतो. दिवाळीनंतरच्या शनिवारी कळसूबाईच्या शिड्यांवर अर्धा-अर्धा तास रांग लागते. वाईच्या किल्ल्यांना ती अडचण फारशी नाही, म्हणून घाटमाथा यांचा क्रम बरोबर आहे.

घर ठरवताना फोनवर नेमकं काय विचारायचं : आठ जणांना किती खोल्या, किती गाद्या, संडास किती (आठ जणांना एक असेल तर सकाळचा पाऊण तास तिथेच जातो). अंघोळीचं पाणी कशावर तापतं, बंबावर की गिझरवर, वीज गेली तर काय. ड्रायव्हरची झोपायची सोय आहे का, तो गाडीत झोपणार असेल तर दुसऱ्या दिवशी घाटात तुम्हीच जोखमीत. पहाटे साडेपाचला चहा आणि सहाला पोहे मिळतील का. दुपारची भाकरी-भाजी फडक्यात बांधून मिळेल का. बऱ्याच ठिकाणी 'नाश्ता आठला' असतो आणि तिथेच दिवस हातचा जातो. सगळे पैसे आधी पाठवू नका, थोडा विसार द्या. रोख जवळ ठेवा, डोंगरातल्या गावात रेंज गेली की यूपीआयही गेलं.

शेंगाचटणी
खाण्याचं मी सांगते. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे घरूनच न्या. कडक भाकरी टिकते आणि वजनाला हलकी. धपाटे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा, दही घातलेले असतील तर पहिल्याच दिवशी. चटणीने तहान वाढते, म्हणून चढताना नको, माथ्यावर किंवा उतरल्यावर. सोबत गूळ आणि काकडी. आणि सोलापुरी चादर खोलीत पांघरायला न्या, पाठीवरच्या पिशवीत नको. सुती आहे, जड आहे, दवाने भिजली की वाळत नाही.

कातळटप्पा
पाणी माणशी तीन लिटर, वरच्या टाक्यांवर भिस्त ठेवू नका. टाकी भरलेली असतात, पण शेवाळ आणि किडे असतात. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायची. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण पुडी टाकली तर द्रावण जास्त खारट होतं आणि उलटा त्रास होतो.

या ऋतूचे खास धोके असे. गवत कमरेएवढं असतं आणि पिवळं पडायला लागलेलं. त्याखाली वाट, दगड, खड्डा काहीच दिसत नाही. पुढच्याने काठी आपटत चालावं, म्हणजे पाऊल कुठे पडतंय तेही कळतं आणि जनावर असेल तर सरकतं. वाळकं गवत उतारावर आडवं पडलं की त्यावरून बूट घसरतो, ओल्या मातीपेक्षाही वाईट. उतरताना पाय आडवा टाका, टाचेवर भार नको. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, दोघांमध्ये अंतर ठेवा, वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यात येतो.

आग्या मोहोळ कड्यांना आणि बुरुजांना लागलेली असतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा बंद. माश्या उठल्या तर हात न झटकता तोंड-डोकं कापडाने झाकून वाटेवरून लांब निघायचं, पाण्यात उडी मारायची नाही. डंख बरेच असतील, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर थांबू नका, १०८ला फोन आणि थेट रुग्णालय.

परतीच्या पावसाचा एखादा मागे राहिलेला ढग दुपारी गडगडला तर धारेवरून, एकट्या झाडाखालून आणि लोखंडी शिडी-रेलिंगपासून बाजूला व्हा. छत्री उघडून माथ्यावर उभं राहायचं नाही.

डोंगर कुठलाही असो, दुपारी एकला जिथे असाल तिथून माघारी. हे गुरुवारीच सगळ्यांना सांगून ठेवा, वर गेल्यावर मतदान घेऊ नका.

माळरान_सोलापूर
क्रम बदलला, अर्धी रजाही टाकतोय. गुडघेवाल्या दोघांना कमळगड जड जाईल का? आणि ते वर आले नाहीत तर गाडी त्यांच्याकडे ठेवायची की नांदगण्यात?

नकाशावाली
कमळगडाच्या चढात झाडी आहे पण विसाव्याचे सपाट टप्पेही आहेत. त्यांना पठारापर्यंत नेऊन तिथल्या वस्तीवर थांबवता येईल, शेवटचा माथा बाकीच्यांनी करावा. काठ्या दोन घ्या, एक नको. उतरताना लांबी चार बोटं वाढवायची. गुडघ्याचा पट्टा पायथ्यालाच बांधा, दुखायला लागल्यावर नाही.

ते खालीच राहणार असतील तर क्रूझर नांदगण्यात आणि ड्रायव्हर तिथेच. मोबाईलला रेंज नसल्याने 'बोलावून घेऊ' हे चालत नाही. मेणवलीत राहिलेल्यांना वाईत फिरायला वडाप मिळतं, ढोल्या गणपती आणि घाटावरची देवळं बघून दिवस जातो.

रुळावरून
वाटाड्या घ्यायचा का?

घाटमाथा
पांडवगड आणि केंजळगडला नाही घेतला तरी चालेल. कमळगडला घ्या. झाडीत वाटा फुटतात आणि जीपीएसचा ट्रॅक तिथे वीस-तीस मीटर इकडेतिकडे दाखवतो, तेवढ्यात चुकीची सोंड (डोंगराची खाली उतरणारी धार) धरली जाते. नांदगण्यातला कोणीही जाणता माणूस येतो. मात्र भातकापणीचे दिवस आहेत, सकाळी दारात जाऊन विचारलंत तर सगळे खाचरात असतात. आदल्या संध्याकाळी घरमालकामार्फत ठरवा आणि पैसे चढण्यापूर्वी बोलून घ्या.

माळरान_सोलापूर
शेवटचं. मंडळातल्या एकाला त्या आठवड्यात रजा मिळत नाहीये. सगळं सात दिवस पुढे ढकललं तर चालेल ना? थंडीही जरा वाढेल.

घाटमाथा
डोंगराला चालेल, रस्त्याला नाही. पुढचा शनिवार-रविवार कार्तिकी एकादशीच्या आसपास येतो की नाही ते पंचांगात बघा. लक्ष्मीपूजनानंतर साधारण अकराव्या दिवशी ती असते. त्या तीन-चार दिवसांत पंढरपुरातून गाडी काढणं म्हणजे दोन तास तिथेच, दिंड्या रस्त्याने चालत असतात. तेव्हा जायचंच असेल तर टेंभुर्णी-अकलूज-नातेपुते-फलटण-लोणंद असं वरून जा. टेंभुर्णीपर्यंत पुणे महामार्ग आहे, मग ऊस आहेच. फलटण-लोणंद करून खंडाळ्याला (लोणावळ्याजवळचं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं) महामार्गाला लागलात की खंबाटकीचा घाट चढावा लागतो, सुट्टीच्या सकाळी तो अडतो. सुरूर फाट्यावरून आत वाई. येताना रविवारी दुपारी एकला निघालात तर अकलूजपर्यंत उजेड मिळतो. डिझेल वाईतच भरून घ्या.